पलीकडची गच्ची

काल संध्याकाळी ताईने दोन्ही हात वर करून हलवले आणि धाकटीच्या अंगावर काटा आला. जिन्यावरून पडल्यापासून, गेली सहा वर्षं, ताईचा उजवा हात खांद्याच्या वर गेलाच नव्हता.

दोघी बहिणींच्या घरांमध्ये पूर्वी एक गल्ली होती. आता तिथे आठ पदरी महामार्ग होता, दोन्ही बाजूंना उंच जाळी. ताईला ऐकू येत नसल्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. म्हणून रोज दिवेलागणीच्या आधी दोघी आपापल्या गच्चीवर येऊन एकमेकींना हात करायच्या. एवढ्या लांबून चेहरा दिसत नसे. ताईची तपकिरी शाल तेवढी दिसे.

आज धाकटीने शिवणयंत्र झाकून ठेवलं आणि ती निघाली. महिनाभर तसंही कुणी शिवायला काही टाकलं नव्हतं. तिच्या बाजूला बस आता दिवसातून एकदाच यायची. अकरा किलोमीटरवरच्या भुयारी रस्त्याने वळसा घालून, मध्ये बस बदलून, पलीकडे पोचायला तिला अडीच तास लागले.

उतरल्यावर तिला काही ओळखूच येईना. जिकडेतिकडे गोदामं, ट्रक, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं. त्या सगळ्याच्या मधोमध ताईचं घर मात्र जसंच्या तसं उभं होतं. दार उघडंच होतं.

ती जिना चढून वर गेली. गच्चीवर शाल पांघरून ताई पाठमोरी बसली होती. धाकटीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

वळलेला चेहरा ताईचा नव्हता. तिशीतली बाई, शालीखाली राखणदाराचा गणवेश. ती दचकली नाही.

“तुम्ही समोरच्या ना? आज ना उद्या याल, असं वाटतच होतं.”

“ताई कुठाय?”

“त्यांना मुलगा घेऊन गेला. घर गोदामवाल्यांना दिलं.”

“कधी?”

“आठ महिने झाले.”

धाकटी तिच्या शेजारी खाली बसली.

“ही शाल मला देऊन गेल्या,” राखणदार बाई म्हणाली. “म्हणाल्या, तिला कळू देऊ नकोस, एकटी पडेल गं ती. रोज हात करत जा, पण डावा. काल विसरलेच बघा मी.”

तिने धाकटीला पाणी आणून दिलं. मग कठड्याला टेकून ती समोर बघत राहिली.

“तिकडे अजून कोणकोण राहतं हो?”

धाकटी उठली. महामार्ग झाल्यापासून तिने आपली आळी या बाजूने पाहिलीच नव्हती. छपरं होती, खिडक्या होत्या. पण एवढ्या गच्च्यांमध्ये कपडे वाळत होते ते एकट्या तिच्याच गच्चीवर.

“सगळे आहेत,” ती म्हणाली.