तपकिरी स्वेटर

“आजही नाही?” शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं.

“नाही,” कात्रीबाई म्हणाली आणि तिने पुढचा स्वेटर ओढला.

टाकून दिलेले लोकरीचे कपडे या गोदामात येत. ते पिंजून त्यांचा पुन्हा धागा व्हायचा, धाग्याची ब्लँकेटं. पण एखादं बटण आत गेलं की यंत्राचे दात मोडत, म्हणून बायका आधी बटणं कापून काढत. जिने कापलं, तिने आपल्याच डब्यात टाकायचं. हा नियम झाडूवाल्यालाही पाठ होता. डबे मोठे, भरायला वर्ष जायचं.

पूर्वी कात्रीबाई डोळे मिटूनच कापायची. धुळीने डोळे चुरचुरत आणि बोटांना बटण अचूक सापडे. “झोपेतसुद्धा हात चालतो हिचा,” मुकादम कौतुकाने म्हणायचा. नाव पडलं ते त्यावरूनच.

मग थंडी सुरू झाली. तिने पेटी उघडली तर नवऱ्याचा तपकिरी स्वेटर जागेवर नव्हता. नवरा वारल्यावर तिने त्याची एवढी एकच वस्तू जपली होती. स्वेटरचं एक बटण हरवलं तेव्हा तिने हिरवं लावून दिलं होतं, तेही लाल दोऱ्याने. घरात दुसरं काही नव्हतं. नवरा मात्र ते शेवटपर्यंत मिरवत राहिला.

“उन्हाळ्यात जुने कपडे दिले ना, त्यात गेला असेल,” सून खालमानेने म्हणाली. “विरलेला होता हो, आई. मला काय माहीत?”

त्या दिवसापासून कात्रीबाईने सुनेशी अबोला धरला. त्या दिवसापासून तिने कामावर डोळे मिटले नाहीत. त्यांच्या गल्लीतले कपडे याच गोदामात येत, तेव्हा कुठल्या तरी ढिगात तो असणारच. हात मंदावला, मुकादम कुरकुरू लागला. शेजारणींना तिने विनवून ठेवलं होतं, “हिरवं बटण दिसलं तर कात्री लावू नका गं, पाया पडते.”

संध्याकाळी सून न्यायला आली. ती रोज यायची आणि रोज मुकाट सोबत चालायची. आज डबे रिकामे करायचे होते, बटणं एकीकडे, हूक दुसरीकडे. कात्रीबाईच्या खांद्यातून कळ येत होती. सुनेने न सांगता तिचा डबा उचलला आणि टेबलावर पालथा घातला. तळाची जुनी बटणं वर आली.

कात्रीबाईने घटकाभर डोळे मिटले. सुनेच्या निवडण्याचा आवाज मध्येच थांबला.

“काय झालं गं?” तिच्या तोंडून निघून गेलं. थंडी लागल्यापासून ती पहिल्यांदाच सुनेशी बोलली होती.

“काही नाही, आई.” सून म्हणाली. “चला घरी. स्वेटर मी दिला, चूक माझीच आहे.”

तिने मूठ घट्ट मिटली. मुठीत हिरवं बटण होतं, लाल दोऱ्यासकट.