उंचीप्रमाणे

"अहो, मला हे जमायचं नाही. संध्याकाळी गाडी परत करू," खोपकर बाई नवऱ्याला म्हणाल्या. पटसंख्येअभावी त्यांची शाळा बंद पडली होती. आज थालीपिठाच्या गाडीचा पहिला दिवस, आणि गिऱ्हाइकाला हाक मारायला तोंड उघडत नव्हतं.

दुपारी शेजारच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली. वीसपंचवीस कामगार गाडीभोवती रेटारेटी करू लागले.

"हाताची घडी, तोंडावर बोट!"

बाईंच्या तोंडून निघून गेलं. त्यांनी जीभ चावली. पण सगळे गप्प झाले होते. मिशाळ फोरमनने तर खरंच ओठांवर बोट ठेवलं होतं. क्षणभर समोर परिपाठाचं मैदान उभं राहिलं.

मागच्या एका आडदांड गड्याने हात वर केला.

"बाई, उंचीप्रमाणे उभं राहायचं का?"

"हो. आणि उद्यापासून ढकलाढकली चालणार नाही."