ठमीचे मुटके

"हात ओले करा आधी, नाहीतर भात तळव्याला चिकटतो," मावशी म्हणाली.

नव्या आईने हात पाण्यात बुडवले. आज तिसरा दिवस. मऊ शिजवलेला भात, त्यात कुस्करलेलं गाजर, चिमूटभर तिळाचा कूट. मुटका वळायचा तो दोन वर्षांच्या तोंडाला झेपेल एवढाच. जपानी लोक याला ओनिगिरी म्हणतात. बालवाडीच्या स्वयंपाकघरात काम करताना शिकलेला हा प्रकार मावशीने घरी आणला, आणि ठमीने दुसऱ्या कशालाही तोंड लावणं सोडून दिलं.

ठमी मावशीची कोणी नव्हे. कायमची आई मिळेपर्यंत सांभाळा, असं सांगून संस्थेने दिलेली. त्याला वीस महिने झाले. मावशी ते सांगणं सोयीस्करपणे विसरली होती. आता आई मिळाली होती. संस्थेचा नियम साधा होता. मूल नव्या आईच्या हातून पोटभर जेवलं, की तिने घरी न्यायचं. तोवर नाही.

पहिल्या दिवशी ठमीने मान फिरवली. दुसऱ्या दिवशी फुर्र करून घास उडवला. मावशीने पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. पाणी किती, तीळ किती, भात कितपत निवू द्यायचा. परीक्षेच्या मुलांनाही कोणी एवढं शिकवत नाही.

नव्या आईने मुटका ठमीच्या ओठांशी नेला. ठमीने ओठ घट्ट मिटले आणि ती नव्या आईच्या तोंडाकडे टकामका बघत राहिली. कोपऱ्यात बसलेल्या संस्थेच्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

"मला नाही जमत हो," नवी आई म्हणाली. डोळे पुसायला गेली तर बोटांना भात. "उपाशी ठेवून कशी नेऊ तिला? राहू दे तुमच्याकडेच. माझंच नशीब फुटकं."

मावशीला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. आता फक्त गप्प बसायचं होतं. तेवढ्यात तिला दिसलं, की रडता रडताही नव्या आईने एक हात बशीवर आडवा धरलाय, माशी बसू नये म्हणून.

"थांबा," ती म्हणाली. "अर्धा तुम्ही खा. तिच्यासमोर. मग अर्धा तिला द्या."

नव्या आईने अर्धा मुटका तोंडात घालून चावला. ठमीने लगेच आ केला. बघता बघता बशी रिकामी झाली.

"उद्या सकाळी न्या," वही मिटत संस्थेच्या बाई म्हणाल्या.

नवी आई रडत होती आणि हसतही होती. "मावशी, हे तुम्हाला आत्ता सुचलं?"

मावशी पदराने ठमीचं तोंड पुसत होती. पुसून झालं तरी पुसतच राहिली.

"नाही," ती म्हणाली. "पहिल्या घासापासून मी तिला असंच भरवत आलेय."