चौगुल्यांचे हात

लिंबाच्या वळणावर हातमोज्यांनी पुन्हा दगा दिला. स्टिअरिंग डावीकडे हिसकलं, गाडी मातीत उतरली आणि शर्वाणीची ही फेरीही वाया गेली.

एरवी मोजे म्हणजे वरदान. एकेकाळी शर्यती जिंकणाऱ्या चौगुलेकाकांच्या हातांची सगळी सफाई त्यांत भरलेली होती. ते चढवले की शर्वाणीसारखी साधी दातांची डॉक्टरही रविवारी ट्रॅकवर वाऱ्याशी पैज लावायची.

"काका, तुमचे हात तिथेच का बिचकतात?" गाडीतूनच तिने विचारलं.

वळणालगतच्या कठड्यावर बसलेले चौगुले खाली बघत म्हणाले, "तिथं माझी गाडी उलटली होती, डॉक्टर. त्यानंतर मोजेवाल्या कंपनीला हातांची सफाई भरून दिली आणि ट्रॅक सोडला. सफाईबरोबर भीतीबी उतरली म्हणायची. तेवढा तुकडा पुसून घ्या त्यांच्याकडनं."

"पुसायचं कशाला? घालणाऱ्याकडून मोजे शिकतात ना? मग मी शिकवते."

ती पुन्हा निघाली. वळण आलं की मोजे डावीकडे ओढत आणि शर्वाणी दात-ओठ खाऊन स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवी. मनगटं सुजली, तरी ती थांबेना. दुपार कलताना ओढ सैल पडत गेली. अखेर एका फेरीत हात लोण्यातून सुरी फिरावी तसे वळले.

फलकावर तिची आजवरची सर्वांत कमी वेळ झळकली. तिकडे न बघता कठड्याशी गाडी थांबवून तिने मोजे काढले आणि चौगुल्यांच्या मांडीवर ठेवले.

"घ्या काका, तुमचे हात. आता भीत नाहीत."

मोजे उचलून चौगुले वळणाकडे बघत कठड्यावरून उतरले.

"गाडी बंद करू नका," ते म्हणाले आणि मोजा चढवू लागले.