अपूर्णांकांचा जुना धडा

नव्या मॅडमनी माऊस हातात घेतला, तसा सगळा वर्ग त्यांच्या टेबलाभोवती गोळा झाला.

कॉम्प्युटर गच्च भरले होते. नवे धडे घालायचे तर जुने पुसणं भाग होतं. नव्या धड्यांत रंगीत चित्रं होती, गोड आवाज होता. जुन्यात नुसता फळा दिसायचा आणि मागून एक बाई शिकवायच्या. मध्येच खोकायच्या, मध्येच ओरडायच्या, "माकडांनो, छेद समान केल्याशिवाय बेरजेला हात लावाल तर याद राखा!"

तरी मुलं हेडफोन लावून तोच धडा पुन्हा पुन्हा ऐकायची. ओरडा आला की खुदकन हसायची. आणि चाचणीत अपूर्णांक कुणाचे म्हणून चुकायचे नाहीत. मॅडमना हे कोडं काही उलगडत नव्हतं.

त्या शाळेत नुकत्याच रुजू झाल्या होत्या. पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरच्या खोलीतल्या एका वयस्कर बाईंकडे हात करून मुख्याध्यापक म्हणाले होते, "या मदतीला असतील." गळ्याभोवती रुमाल गुंडाळलेल्या त्या बाई मुलांमधून फिरत राहायच्या. कुणाचं बोट भलत्याच बटणावर गेलं की अलगद उचलून योग्य जागी ठेवायच्या. आळस केला तर टपली, जमलं तर पाठीवर थाप. पण मॅडमनी काही विचारलं की मूग गिळून गप्प. नुसती मान हलवायच्या. नव्या माणसाचा राग आला असेल, असं मॅडमनी मनाशी धरून टाकलं होतं.

आताही त्या खिडकीशी उभ्या होत्या.

"पुसू ना हे?" मॅडमनी विचारलं.

बाईंनी हसून होकार दिला आणि पाठमोऱ्या झाल्या.

मॅडमनी धडा निवडला. तेवढ्यात एक दोन वेण्यांची मुलगी गर्दीतून पुढं घुसली आणि तिनं मॅडमचा हातच धरला.

"नका ना पुसू, मॅडम."

"अगं, नवा आवाज किती स्पष्ट आहे! शिवाय त्यात कुणी तुमच्यावर ओरडतही नाही."

मुलीनं एकदा खिडकीकडे पाहिलं. मग मॅडमच्या कानाशी तोंड नेऊन ती कुजबुजली,

"घशाच्या ऑपरेशननंतर आमच्या बाईंचा तेवढाच आवाज उरलाय."