समोरच्या भिंतीवरचा खिळा

तडकलेली बॅट घेऊन लेक बाबांच्या बॅटदुरुस्तीच्या दुकानात शिरली, तेव्हा नेहमीचा वाद रंगला होता. भिंतीवर ऑस्ट्रेलियाच्या थोर फलंदाजांच्या नावाने जुन्या बॅटी क्रमाने टांगलेल्या होत्या. “ब्रॅडमनला हलवू नकोस. देवाला रांगेत उभं करतात का?” बाबा म्हणाले. “त्याच्याखाली पाँटिंग,” शेजारचा शिंपी अडून बसला. “बॉर्डर. संघ बुडताना पाय रोवतो तो मोठा,” बाबांनी ठणकावलं. “आज मीही दिवसभर नाबाद राहून सामना वाचवला,” लेक म्हणाली. बाबांचं कौतुक आजवर ‘बरी खेळतेस’पुढे गेलं नव्हतं. त्यांनी बॅटवरून हात फिरवून ती बॉर्डरशेजारी धरली. “बाबा, मी कुठे ऑस्ट्रेलियाची?” बाबा वळले. समोरच्या कोऱ्या भिंतीवर खिळा ठोकून त्यांनी बॅट टांगली. “दुरुस्ती?” “ही अशीच राहील. तुला नवी घडवतो.” शिंपी हसला, “ओळीत एकटीच की रे.” “पहिला नंबर एकटाच असतो.”