दिव्यांची बॅग

ड्युटीवरून अंधारात परतणारी बायको मागून येणाऱ्या गाड्यांना दिसावी, म्हणून नर्सबाईंच्या नवऱ्याच्या अंगात इंजिनिअर संचारला. बाईंनी सायकलच्या बॅगेची फक्त बिघडलेली झिप बदलून मागितली होती. बॅग हातात आली ती दोन्ही बाजूंना पिवळे दिवे, मधोमध लाल पट्टी आणि हँडलपर्यंत ओढलेल्या वायरीला चार बटणं घेऊन. झिप तेवढी तशीच.

"आता तुला धडकायची कुणाची छाती होणार नाही," म्हणत त्याने अख्ख्या इमारतीला बटणं दाबून दाखवली.

पहिल्याच संध्याकाळी मागून एका स्कूटरवाल्याने धडक दिली. बाईंचा गुडघा सोलवटला, उघड्या झिपमधून डबा रस्ताभर घरंगळत गेला.

"एवढे दिवे लावलेत, तरी दिसले नाहीत?" बाई कडाडल्या.

"दिसले म्हणून तर मोबाइलवर व्हिडिओ काढत होतो, ताई!"

लंगडत घरी येऊन बाईंनी सगळी हकिगत सांगितली. नवऱ्याने कळवळून कपाळावर हात मारला.



"अगं, मग त्याच्याकडून तो व्हिडिओ तरी मागून घ्यायचास!"